धोंडिरामचं पाच किलोचं पितळ

धोंडिराम काटेवाला चहा पिण्याआधी कप हातात तोलायचा. हॉटेलात बसला की कप उचलायचा, डोळे बारीक करायचा आणि म्हणायचा, "आज कमी हाय." हॉटेलवाल्यानं पोराबाळांची शपथ घेतली तरी त्याचा विश्वास बसायचा नाही. दूधवाला, भाजीवाली, रेशनवाला, सगळ्यांकडे तो एकाच नजरेनं बघायचा. ती नजर सरळ हातावर जायची, तोंडावर जायची नाही. "तोंड हसतं," तो म्हणायचा, "हात हसत न्हाई."

कराडहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. बुद्धविहाराच्या मागं धोंडिरामचं दोन खोल्यांचं घर आणि पुढं पत्र्याची शेड. शेडच्या आढ्याला दहा-बारा काटे टांगलेले असत. दुपारचा वारा सुटला की रिकामी पारडी हळूहळू हलायची आणि साऱ्या शेडमध्ये बारीक किणकिण भरून राहायची. ती किणकिण ऐकत मी पुष्कळ दुपारी तिथं बसलो आहे. बाहेर उन्हानं माती तापलेली, आत शिसं वितळल्याचा वास, आणि मधे मांडी घालून बसलेला हा काळासावळा, ताठ पाठीचा माणूस, दांडीच्या मधोमध हलणाऱ्या जिभेकडं एकटक बघणारा.

छप्पन सालानंतर त्याच्या बापानं गावकीची कामं सोडली. पोराला सांगलीत काटे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ठेवलं आणि सांगितलं, "लोकांच्या दारात आपण लय उभं राह्यलो. आता लोकांनी माप मागाया आपल्या दारात यावं." धोंडिराम हे वाक्य सांगताना दरवेळी थांबायचा. मग पुढचं सांगायचा. शेर-मण जाऊन किलो आले तेव्हा, एकसष्ट साली, म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला पितळी वजनांचा एक संच दिला. पाच किलो, दोन किलो, एक किलो आणि खालची लहान पिल्लं. गावोगावची लोखंडी वजनं धोंडिराम या पितळावर लावून घ्यायचा. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन कमी भरलं तर शिसं ओतायचं, जास्त भरलं तर खरवडायचं. मग वजनमापांच्या सरकारी साहेबांचा कॅम्प लागला की धोंडिरामचं काम म्हणून ती पुन्हा न तोलताच त्यावर शिक्का पडायचा.

हे पितळ घरात फळीवर असायचं. मधे बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्या दोघांच्या पायाशी वजनं ओळीनं मांडलेली. धोंडिरामची बायको भामाबाई दर पौर्णिमेला वंदनेच्या आधी फळी आवरायची. मूर्ती पुसायची, फोटो पुसायची आणि वजनं चिंच लावून, विटकरीच्या भुकटीनं घासून काढायची. पौर्णिमेच्या सकाळी दारातून ऊन आत आलं की ते पितळ असं पेटायचं, की आत येणारा माणूस उंबऱ्यावरच क्षणभर थबकायचा.

नव्याण्णव सालच्या हळदीच्या हंगामात या माणसावरच संशय आला.

गावातल्या सोसायटीचा मोठा काटा होता. तीन लाकडांच्या तिकाटण्याला टांगलेली दांडी, दोन बाजूंना साखळ्यांची दोन पारडी, आणि वीस वीस किलोची पाच लोखंडी वजनं. फेब्रुवारीत ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेताना ती वजनांवर चढली आणि त्यातलं शिसं निखळलं. कॅम्प एप्रिलात होता. हळद शिजून, वाळून, पोत्यात भरून तयार होती. धोंडिरामनं पाचही वजनं शेडमध्ये नेली, आपलं पाच किलोचं पितळ चार-चारदा लावून नवं शिसं ओतलं आणि दोन दिवसांत परत आणून दिली.

पहिला ट्रक सांगलीला गेला. गावात शंभर किलो भरलेलं प्रत्येक पोतं सांगलीच्या अडत्याकडं पाव किलो कमी भरलं. दुसरा ट्रक गेला, तोच प्रकार. माझी आठ पोती होती, आठही पाव किलोनं कमी. एखादं पोतं जास्त कमी, एखादं थोडं कमी, असं नाही. नेमकं पावच.

सोसायटीचा हमाल गुंडा पहिल्यांदा पेटला. "अडत्या खातोय," तो म्हणाला. "म्या सोताच्या खांद्यावनं पोती उतरवली. खांदा खोटं बोलत न्हाई." त्यानं सांगलीच्या भर बाजारात त्या अडत्याला अशा शिव्या दिल्या, की शेजारच्या चार दुकानांतले लोक बाहेर येऊन उभे राहिले. मग कोणी म्हणालं, ट्रकवाला पोत्याला सुंब्याची टोकदार नळी मारून माल काढतो. कोणी म्हणालं, हळद ओली भरली, वाटेत सुकली. गावात प्रत्येकजण दुसऱ्याकडं बघू लागला. आणि एक दिवस पारावरून, कोण बोललं ते कळलं नाही, पण शब्द सगळ्यांनी ऐकले, "काटा ज्याच्या हातात दिला, त्याला इचारा की."

त्या वाक्यात आणखी काय दडलं होतं ते धोंडिरामला समजावून सांगायची गरज नव्हती.

सोसायटीचे चेअरमन लालासाहेब. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, उसाचे मोठे शेतकरी. त्यांनी धोंडिरामला गोदामावर बोलावलं. पंचवीस-तीस माणसं जमली होती.

"धोंडिराम, लोकं बोलत्यात."

"ऐकलंय आण्णा."

"काटा तपासून दाव."

धोंडिरामनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. एका पारड्यात पोतं, दुसऱ्यात पाच वजनं. दांडीची जीभ बरोबर मधे. मग त्यानं गुंडाला सांगितलं, "आता पालटी कर." पोतं होतं तिथं वजनं आली, वजनं होती तिथं पोतं. दांडी एका अंगाला खोटी असेल तर पालटी केल्यावर ती उघडी पडतेच, ही काटेवाल्यांची जुनी परीक्षा. जीभ थरथरली आणि पुन्हा बरोबर मधे येऊन थांबली.

"बघा," धोंडिराम म्हणाला. "दांडी निर्मळ हाय. चोरी मालात हाय. वाटंत न्हाईतर सांगलीत."

मागून कोणीतरी खोकलं. त्या खोकल्यानं धोंडिरामचा तोल गेला. तो वळला आणि म्हणाला, "म्या केलेल्या कामात खोट निघाली, तर परत काट्याला हात लावणार न्हाई. बापाची आन हाय."

शब्द गोदामात घुमला. तो परत घेता येण्यासारखा नव्हता.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी आम्रपाली कोल्हापूरहून आली. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती, शेवटचं वर्ष. विभागात तिला एका नव्या विषयावर सेमिनार द्यायचा होता आणि त्यासाठी ती सुट्टीत झेरॉक्स केलेल्या कागदांची चळत घेऊन आली होती. बापाचा चेहरा बघून तिनं आईला विचारलं, आईनं सगळं सांगितलं. पोरगी हुशार. तिनं बापासमोर हळदीचा विषयच काढला नाही. शेडमध्ये त्याच्यासमोर बसली आणि आपले कागद वाचत राहिली.

न राहवून धोंडिरामनं विचारलं, "काय वाचतीस?"

"विश्व पसरतंय, आबा. आणि पसरायचा वेग वाढतोय."

"कुणी मोजलं?"

"दोन गटांनी. मोठमोठ्या दुर्बिणी लावून. त्यांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नव्हता."

"इस्वास नव्हता?" धोंडिरामनं पहिल्यांदा मान वर केली. "मंग खरं बोलत असतील. सांग."

तिनं सांगितलं, तेव्हा मी तिथंच होतो आणि जितकं समजलं तितकं लिहितो. काही तारे मरताना फुटतात. त्यातली एक जात अशी, की ताऱ्याचं वजन एका ठराविक मर्यादेशी आलं की तो फुटतो, त्याच्या थोडं अलीकडं पलीकडं नाही. म्हणून त्या जातीचे स्फोट जवळजवळ सारख्याच उजेडाचे असतात. उजेड किती मंद दिसतो त्यावरून तारा किती लांब ते काढायचं. फार लांबचे असे स्फोट मोजले, तर ते हिशेबापेक्षा मंद निघाले. म्हणजे हिशेबापेक्षा लांब. सगळं सगळ्याला ओढतं, तेव्हा पसरण्याचा वेग कमी होत जायला हवा होता. तो तर वाढलेला निघाला.

"ढकलतंय कोण?"

"माहीत नाही. काहीतरी आहे म्हणतात. दिसत नाही, हाताला लागत नाही. पण विश्वातल्या शंभर भागांपैकी सत्तर भाग तेच आहे."

धोंडिराम तिच्याकडं बघतच राहिला. "पोरी, शंभर किलोच्या पोत्यात सत्तर किलो न दिसणारी हळद हाय असं उद्या त्या अडत्यानं सांगितलं, तर गुंडा त्यालाच पोत्यात घालून शिवंल."

आम्रपाली खळखळून हसली. "म्हणूनच काही लोक दुसरं म्हणतात. न दिसणारं काही नाहीच. ओढीचा नियमच लांबवर वेगळा असेल. जवळ बरोबर चालतो, फार लांबच्या अंतराला चुकतो."

"म्हंजी काटा खोटा?"

"हां."

"छ्या!" तो एकदम फणकारला. "काट्यावर आळ घेणं लय सोपं असतं. माल बघा म्हणावं आधी."

"आबा, दोन्ही झालंय. आकाशातला एक ग्रह नियमाप्रमाणं चालेना, तेव्हा लोक म्हणाले, पलीकडं न दिसणारा दुसरा ग्रह आहे. शोधला तर सापडला. नियम बरोबर, माल लपलेला. मग बुध चालेना. पुन्हा तेच म्हणाले, न दिसणारा ग्रह आहे. साठ वर्षं शोधला. नव्हताच. नियम बदलावा लागला."

धोंडिरामनं हातातली कानस खाली ठेवली. आढ्याच्या काट्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "आणि ते तारे? सगळे सारख्याच उजेडाचे हायत, हे कुणी तपासलं? येका कारखान्यातलं दोन बल्ब सारखं नसत्यात."

"त्याचाही संशय आहे. मधे धूळ असेल, जुन्या काळातले तारे वेगळे असतील. तपासणं चालू आहे."

"मंग संशयित तीन झालं," तो म्हणाला आणि बोटांवर मोजू लागला. "माल, काटा आन वजन. निवडणार कसं?"

"नुसते स्फोट मोजत राहून नाही निवडता येणार. न दिसणारं काही असलं काय आणि नियम बदलला काय, अंतरं तीच दिसू शकतात. दुसऱ्या जातीचं माप लागतं. ताऱ्यांचे थवे एकत्र येतात, माळावर वस्त्या वसाव्यात तसे. ते किती भरभर जमले ते ओढीवर ठरतं. अंतरावरून एक उत्तर काढायचं, वस्त्यांवरून दुसरं. दोन्ही जुळली तर माल लपलाय. न जुळली तर नियमात खोट."

"मला कळलं," धोंडिराम हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात कारागिराचा आनंद होता. "तागडीत बघ, पृथ्वीची ओढ दोनी पारड्यांवर सारखी. उद्या ती ओढ निम्मी झाली, तरी दांडी ढिम्म हलणार न्हाई. तागडीला ती चूक कळायचीच न्हाई. स्प्रिंगचा काटा लावला तर लगेच कळंल. कारण त्याची जात येगळी. जे दोनी अंगांना सारखं असतंय, त्याची खोट पालटी करून सापडत न्हाई."

आम्रपालीनं कागद मिटले. पारडी किणकिणत होती.

मग तिनं हळू आवाजात विचारलं, "आबा, गोदामात तुम्ही पालटी केलीत. तेव्हा दोन्ही वेळेला सारखं काय होतं?"

"वजनं."

"ती कशावर लावली?"

"पितळावर."

"आणि पितळ?"

धोंडिराम उठला. उठताना खाली ठेवलेली कानस पायाच्या धक्क्यानं दगडावर आपटली. "मिस्त्रीचं पितळ हाय ते! तुज्या जन्माच्या आदीपास्नं त्यावर सात गावं तोलत्यात. आकाशातलं सोडून बापाच्या फळीवर आलीस व्हय? गावानं संशय घेतला, आता घरानं घ्यायचा ऱ्हायला हुता."

तो दिवस आणि पुढचा दिवस त्यानं मुलीशी शब्द काढला नाही. जेवताना पाणीही स्वतः उठून घेत होता. माझ्याजवळ मात्र म्हणाला, "कोल्हापुरात शिकून पोरगी संशयी झाली." मी म्हणालो, "कोल्हापूरला कशाला नावं ठेवतोस?" त्यावर तो हसला नाही.

तिसऱ्या दिवशी चैत्री पौर्णिमा होती. सकाळी मी शेडकडं गेलो तेव्हा धोंडिराम दारात चहा तोलत उभा होता आणि भामाबाई अंगणातल्या धुण्याच्या दगडावर वजनं घासत बसली होती. जोर लावून, लयीत. चिंचेचा चोथा, विटकरीची भुकटी, वर पाण्याचा तांब्या. पाच किलोचं वजन तिनं मांडीत धरलं होतं, लेकराला न्हाऊ घालावं तसं. दगडावरून खाली पाण्याचा ओघळ निघाला होता, तांबूस, आणि त्यात पिवळसर चमक.

धोंडिराम त्या ओघळाकडं बघत होता. कप ओठापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"भामा, थांब."

"काय झालं?"

तो खाली बसला, दगडाच्या कडेचा गाळ त्यानं बोटावर घेतला आणि उन्हात धरला. गाळात बारीक सोन्यासारखे कण होते.

"किती वर्सं घासतीयास?"

"लगीन होऊन आल्यापास्नं. चौतीस झाली की. का?"

"दर म्हैन्याला?"

"पुनव चुकवली न्हाई कवा. बाळंतीण असताना तेवढी सासूबाईंनी घासली." तिला काही कळेना. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग बोटाकडं, आणि तिचे हात आपोआप थांबले. "म्हंजी... म्या खाल्लं व्हय पितळ?"

आम्रपाली दारात आली होती. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता धोंडिराम चिडणार. पण तो ओल्या वजनाला हात लावून बसला आणि म्हणाला, "सात गावचं हात तपासलं म्या. माज्या घरातलं दोन हात तेवढं ऱ्हायलं."

त्याच दिवशी अकराच्या एस.टी.नं तो सांगलीला निघाला. पाच किलोचं वजन फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलेलं. शेजारी आम्रपाली. तिनंच मला पुढचं सांगितलं. वजनमापांच्या कचेरीत सरकारी प्रमाण वजन लाकडी पेटीत, मखमलीत ठेवलेलं होतं. ते कोणी हातानं उचलत नाहीत, चामड्याच्या मऊ फडक्यानं धरतात. घासणं तर सोडाच. ते एका पारड्यात ठेवलं, धोंडिरामचं दुसऱ्यात. धोंडिरामचं पारडं वर गेलं. साहेबांनी त्यात दहा ग्रॅम टाकले. अजून वर. मग दोन. मग अर्धा. जीभ मधे आली.

पाच किलोला साडेबारा ग्रॅम. शंभर किलोला पाव किलो.

"तोंडी हिशेब केला आबांनी," आम्रपाली म्हणाली, "आणि साहेबांना म्हणाले, पुन्हा एकदा पालटी करून बघा."

संध्याकाळी गोदामावर लोक होते, तिसरा ट्रक भरत होता. धोंडिराम सरळ पोत्यांच्या थप्पीपाशी गेला आणि पितळ वर ठेवलं. मावळतीच्या उन्हात ते नेहमीपेक्षाही झळझळत होतं.

"आण्णा," तो लालासाहेबांना म्हणाला, "अडत्या खरा. ट्रकवाला खरा. गुंडाचा खांदा खरा. खोट हितं हाय." आणि त्यानं सगळं सांगितलं. फक्त घासणारे हात कोणाचे ते सांगितलं नाही. "घरात घासलं," एवढंच म्हणाला.

मग गुंडा डोक्याला हात लावून म्हणाला, "आयला, म्हंजी त्या अडत्याची माफी मागाया मलाच जावं लागणार! भर बाजारात शिव्या दिल्यात म्या, माफी काय कोपऱ्यात मागता येती व्हय?"

लोक हसले. धोंडिराम हसला नाही. लालासाहेब पुढं आले. "धोंडिराम, तू सांगितलं नसतंस तर आमाला कवाच कळलं नसतं. दोष पितळाचा हाय. तुजी आन आमी मानत न्हाई."

"तुमी मानू नका आण्णा. आन म्या घेतलीया."

एप्रिलचा कॅम्प लागला तेव्हा सोसायटीची पाचही वजनं त्यानं उभं राहून सरकारी वजनावर लावून घेतली. त्या शेवटच्या कामातसुद्धा त्यानं शिसं स्वतः ओतलं नाही, गुंडाला ओतायला लावलं. मग कानस, हातोडी, शिशाची कढई, सगळं पिशवीत भरून गुंडाच्या स्वाधीन केलं. पुढं सहा महिने शेडमध्ये गुंडा हमाल काटे दुरुस्त करायला शिकत होता आणि धोंडिराम हात मागं बांधून त्याच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. "मर्दा, दांडी हाय ती, पोतं न्हवं! बोटानं धर, खांद्यानं नको." काट्याला हात लावणार नाही म्हणाला होता, तोंड लावणार नाही असं म्हणाला नव्हता.

आम्रपालीचा सेमिनार चांगला झाला. माल, काटा आणि वजन असे तीन संशयित तिनं फळ्यावर लिहिले आणि सुरुवात हळदीच्या पोत्यापासून केली. सरांनी तिला पुढं संशोधनासाठी पुण्याला पाठवलं. त्या दिवाळीत ती आली, तेव्हा बापानं पिशवी खाली ठेवू दिली नाही.

"घावला का गं? माल का काटा?"

"अजून नाही, आबा. नव्या दुर्बिणी यायच्यात. दहा वर्षं लागतील, वीस लागतील. तेव्हाही कदाचित नाही."

"लागू द्यात. घाईनं आळ घेऊ नका कुणावर." मग थोडं थांबून, डोळे बारीक करून, "पर ते तारं? त्यास्नी कोण घासत न्हाई न्हवं?"

पितळ अजून फळीवर आहे. भामाबाई पौर्णिमेला मूर्ती पुसते, फोटो पुसते आणि वजनांपाशी आली की तिचा हात थांबतो. वजनं काळी पडलीत, कडेला हिरवट झालीत. ऊन आत येतं तेव्हा चमकत काहीच नाही. नवा माणूस विचारतो, "एवढं चांगलं पितळ, घासत का न्हाई?" तेव्हा धोंडिराम पाठ ताठ करतो, चहाचा कप हातात तोलतो आणि म्हणतो, "हात लावू नका. ते तसंच ऱ्हाऊ द्या."

आणि मग कपाकडं बघून, "आज कमी हाय."